उत्तररंगातली बाई

देवासच्या टेकडीखाली नवरात्रातलं कीर्तन रंगलं होतं. बुवांनी दरवर्षीप्रमाणे उत्तररंगात पुढ्यातल्या वहिनीसाहेबांचंच आख्यान लावलं, "सात वर्षांपूर्वी टाचेच्या कातडीचा कर्करोग आईभवानीनं मुळासकट उपटला हो!" हे आख्यान सुरू झाल्यापासून इलाजानंतरच्या तपासणीला जायची वहिनीसाहेबांना लाज वाटे, आईवर अविश्वास दिसला असता. आणि काल इंदूरचे डॉक्टर म्हणाले, तोच रोग अंडाशयात उतरलाय. आरतीनंतर बदनावर गावची एक तरणी बाई पट्टी बांधलेल्या टाचेनं लंगडत आली. तिनं नारळ-तांदळानं वहिनीसाहेबांची ओटी भरली. "काकीसाहेब, तुमची कथा ऐकली आणि मी इलाज बंदच करून टाकला. आता आईच बघेल." पदरातला नारळ पोटावर धोंड्यासारखा टेकला. वहिनीसाहेबांनी तो उचलून तिच्याच हातात ठेवला. मागं बुवांच्या गळ्यात हार पडत होते. "उद्या माझ्याबरोबर इंदूरला चल." "कोणत्या देवीला, काकीसाहेब?" "डॉक्टरकडे. माझाही नंबर आहे."