ओली काडी

अवधूतनं जुन्या टीव्हीचे भाग जोडून, तारेला हलका करंट देऊन जनावरं पळवणारं झटका मशीन घरीच बनवलं, तेव्हा अंबिकाला नवऱ्याच्या डोक्याचं कौतुकच वाटलं होतं. आज शेतातली तार बघून मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. रानडुकरांसाठी तार गुडघ्याखाली बांधतात. ही कमरेएवढी उंच होती, तीही बोलचाल बंद असलेल्या थोरल्या दिराच्या रोजच्या वाटेवर. “एवढी उंच कशापायी?” तिनं विचारलं. “डुकरं लय उड्या मारायलीत,” तो नजर चुकवत म्हणाला. “मग काडी लावून दाखवा.” गावात तारेचा जोर गवताच्या ओल्या काडीनं बघतात, बोटांना नुसत्या मुंग्या येतात. अवधूतनं हसत काडी उचलून तारेला लावली. काडी वाळकी होती. तिच्यातून करंट कुठून येणार! अंबिकानं हिरवीगार काडी तोडली. “ही मी लावते,” म्हणत तिनं हात पुढं नेला, आणि अवधूतनं ओरडून तिचं मनगट धरलं.