आत येण्याची परवानगी

पडद्यावरचा बाण पुन्हा आपोआप सरकू लागला, तशी भागीरथीबाईंनी थकून कीबोर्डावरची बोटे उचलली. रॉटरडॅमला राहणारा त्यांचा मुलगा श्रीरंग तिथूनच, न विचारता, त्यांच्या संगणकात शिरे आणि आवराआवर करून जाई. मागच्या आठवड्यात त्याने त्यांच्या भाषांतरातले एक तपासून झालेले प्रकरण पुसले होते. "एकाच नावाच्या दोन फायली होत्या, आई. जुनी काढली." राहिला तो कच्चा खर्डा. भांडायचे त्राण नसल्याने बाई मुकाट्याने त्यावर पुन्हा बसल्या होत्या.

तेवढ्यात त्याचा फोन आला. "आज लिहू नकोस. मी ज्यातून तुझ्याकडे येतो ना, त्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलंय. कोणीही चोर घुसेल. अपडेट टाकतोय. मग तू 'हो' म्हटल्याशिवाय कोणालाच आत येता येणार नाही."

"तुलासुद्धा?"

"मलासुद्धा!" तो हसला. "पण मी काय चोर आहे?"



दुसऱ्या दिवशी वाक्य नुकते जमून येत असता पडद्यावर चौकट उघडली: श्रीरंग आत येऊ इच्छितो. होय की नाही? मुलाच्या तोंडावर जो शब्द त्यांना कधी उच्चारता आला नव्हता, तो त्यांनी एका बोटाने दाबला.

लगेच फोन वाजला. "आई, चुकून 'नाही' दाबलंस."

"चुकून नाही रे. काम चाललंय माझं."

 पलीकडून जरा चाचरतच त्याने विचारले, "बरं... मग केव्हा येऊ?"