मांडीतला रॉड

लोक पेनासाठी काय काय धातू घेऊन येतील, याचा लेथवर पेनं घडवणाऱ्या रंगनाथ मिस्त्रीला वीट आला होता. एकाने लढाऊ विमानाची म्हणून आणलेली नळी पडद्याची निघाली. दुसऱ्याच्या पणजोबांच्या तलवारीची मूठ नाटकातली. मिस्त्री तोंडावर हसायचा नाही; पेन करून द्यायचा आणि पाठीमागे पोट धरून हसायचा.

त्यामुळे एका साठीच्या बाईंनी हातभर स्टीलचा रॉड टेबलावर ठेवला, तेव्हा त्याने खवचटपणे विचारलं, "हा कुठल्या तोफेचा?"

"आमच्या ह्यांच्या मांडीतला. अपघातानंतर बसवलेला. अस्थी सावडताना मिळाला."

मिस्त्री वरमला. काय ही माया, असं मनाशी म्हणत त्याने एकदाही न हसता पेन घडवलं.

बाई न्यायला आल्या, तेव्हा त्याने शाई भरून कागद पुढे ओढला. गिऱ्हाइकाचं नाव स्वतः लिहून निब तपासायची, ही त्याची जुनी सवय. "नाव सांगा वहिनी, तुमची सही करून बघतो."

बाईंनी पेन त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

"पस्तीस वर्षं माझी सही हेच करायचे. बँकेत, फ्लॅटच्या कागदांवर, माझ्या नोकरीच्या राजीनाम्यावरसुद्धा. मी एम.ए. झालेली, पण म्हणायचे, तुला काय कळतंय त्यातलं!"

मग त्यांनी पानभर ठसठशीत सही केली, निब वाकेल इतकी दाबून.

"चालतंय छान," त्या म्हणाल्या. "जिवंतपणी हे इतके मुकाट कधी वागले नव्हते."