तिसऱ्या पायरीवरचं पाऊल

“राजा गादीवर चढतोय की घरी निघालाय?” मक्याच्या पानातला मुटका सोलत सकमोने विचारलं.

बालुनने गारगोटीची छिन्नी खाली ठेवली. दोघे पाथरवट आडव्या शिळेकडे बघत राहिले. राज्यारोहणाचा देखावा कोरून झाला होता. वर मचाणावर हिरव्या पिसांचा मुकुट घातलेला राजा, खाली उभी त्याची आई, मधे शिडीवरून सोडलेलं कापड. कापडावर राजाची सात पावलं. सहा पावलांची बोटं वर होती. तिसऱ्या पायरीवरच्या पावलाची खाली, आईकडे.

ते पाऊल बालुनने काल शिळेच्या डोक्याकडे बसून कोरलं होतं. उठून पायथ्याच्या बाजूला यायचा कंटाळा नडला, पाऊल उलटं झालं.

“खरवडू?”

“खरवड. पायरीच जाईल. मग राजा उडत वर गेला म्हणून सांगू.”

शिळा उद्या उभी राहायची होती. कोपऱ्यात बालुनचं नाव होतं. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला दगडावर नाव घालायची परवानगी मिळाली होती.

दुपारी राजा आईला घेऊन आला. वय सोळा. सोबत म्हातारा राजपुरोहित. त्याने ते पाऊल लगेच हेरलं.

“सोहळ्याला होतास का रे?”

“नाही. खाणीत हीच शिळा काढत होतो.”

“असतास तरी काय दिसणार होतं? शिडीला चारी बाजूंनी पडदे, आत फक्त राणीमाता. पण राजा मागे फिरत नसतो, एवढं तरी कळायला हवं. याचं नाव पुसा. जन्मभर पाटे-वरवंटे घडवू दे.”



राजा वाकून पावलाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

“पाऊल राहू दे,” तो म्हणाला. “नावही.”

“महाराज, लोक काय म्हणतील?”

“खाली आई उभी होती, म्हणतील.”

बालुनने जमिनीला हात टेकले. तो बराच वेळ तसाच राहिला. “ऊठ आता,” सकमो पुटपुटला, “नाहीतर तोंड भलतीकडे करून बसशील.”

पटांगणाच्या टोकाशी राजा थांबला. पुरोहित पुढे गेल्याची खात्री करून तो आईच्या कानाशी लागला.

“आई, मी घाबरून मागे फिरलो होतो, हे कुणाला सांगणार नाही म्हणाली होतीस ना?”