निवेसचा सरळ फोटो

"चष्मा काढ आणि इकडे बघ," ओरेस्ते तिसऱ्यांदा म्हणाला.

निवेसने काळा चष्मा काढला, आणि त्याने बटण दाबलं नेमकं तेव्हाच जीभ बाहेर काढली. मागे ब्लेड गावचं तळं, तळ्यात बेट, बेटावर चर्च. सगळं जिथल्या तिथे होतं, बायकोच तेवढी धड उभी राहत नव्हती.

"बेचाळीस वर्षांत आला नाही तो फोटो आता काय येणार?" ती म्हणाली. "आण तो कॅमेरा. तू उभा राहा."

तो उभा राहिला. सहल तिनेच ठरवली होती, कॅमेराही तिनेच घ्यायला लावला होता. जूनमध्ये गाडी काढायची, आधी ब्लेड, मग हालश्टाट, येताना डोलोमाइटचे डोंगर, असं तिने एप्रिलमध्ये जेवता जेवता जाहीर केलं. एरवी बाजारापलीकडे जायचं म्हटलं की ओरेस्तेचे गुडघे दुखायला लागत. या वेळी मात्र त्याने लगेच होकार दिला.

त्याचं कारण त्याचं त्यालाच ठाऊक. मार्चमध्ये इस्पितळात निवेस आत कोटाची बटणं लावत होती, तेव्हा डॉक्टरांनी त्याला बाहेर बाजूला घेतलं होतं. फार तर नाताळपर्यंत, ते म्हणाले होते. त्याच संध्याकाळी त्याने आणि मुलीने, लोरेदानाने, ठरवलं की आईला सांगायचं नाही. रक्त कमी आहे, गोळ्या घे, एवढंच सांगितलं. निवेस बिनतक्रार गोळ्या घेत होती. दोघांनी तिला ताकास तूर लागू दिली नव्हती.

आता ओरेस्तेला हवा होता एक फोटो. त्यांच्या गावच्या दफनभूमीत प्रत्येक दगडावर माणसाचा छोटा लंबगोल फोटो बसवतात, चिनी मातीवर भाजलेला. ओरेस्तेच्या आईच्या वेळी घाईत चांगला फोटो मिळाला नाही, म्हणून कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून काढलं. तीस वर्षं झाली, म्हातारीच्या खांद्यावर परक्या माणसाचा हात आहे. दर नोव्हेंबरात फुलं ठेवताना ओरेस्तेला तो दिसतो आणि स्वतःची लाज वाटते. निवेसचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. खांद्यापर्यंतचा, समोर बघणारा, हसरा असा एकच फोटो, आणि तोही तिला संशय न येता.

पण बाई कसली हाती लागते! हालश्टाटला कॅमेरा वर झाला की ती छत्री उघडायची. स्वतःची फोटो काढायची हौस मात्र भागवून घ्यायचीच. तळं आणि लाकडी घरं सोडून तिने नवऱ्याला एका पांढऱ्या भिंतीपाशी नेलं, टोपी काढायला लावली, थुंकी लावलेल्या बोटाने त्याच्या भुवया बसवल्या.

"एवढ्या लांब येऊन भिंतीसमोर?" ओरेस्ते हसला.

"डोंगर मला खिडकीतून रोज दिसतात. खांदे सैल सोड, तुला काही फाशी द्यायची नाहीये."

तिने एकामागून एक आठ-दहा फोटो काढले आणि एकही त्याला दाखवला नाही. ओरेस्तेने सहन केलं. तिची मजा होत होती, तेवढंच बरं.

शेवटच्या दिवशी डोलोमाइटमध्ये चढण लागली. निवेसला दम लागायचा तिथे ओरेस्ते गुडघा धरून थांबायचा, म्हणजे आपल्यामुळे थांबावं लागतंय असं तिला वाटायचं नाही. वर लाकडी खानावळीत दोघांनी अळंब्यांबरोबर मक्याच्या पिठाचा पोलेंटा खाल्ला. मग ती कठड्यापाशी जाऊन दरीकडे बघत राहिली, इतकी की नवऱ्याला विसरली. त्याने हळूच नावाने हाक मारली. ती वळली, हसली, आणि त्याने बटण दाबलं.

छोट्या पडद्यावर निवेस होती, त्याच्या घरातली, त्याची. ओरेस्तेचे डोळे भरून आले. कसा आलाय, असं तिने विचारलं तेव्हा त्याने हलला म्हणून सांगितलं. आश्चर्य म्हणजे तिने कॅमेरा ओढून घेतला नाही.

गावी परतल्यावर मंगळवारी निवेस केस कापायला गेली. ओरेस्तेने छापून आणलेला फोटो पाकिटात घातला आणि बातिस्ताचा कारखाना गाठला. थडग्यांचे दगड घडवणारा बातिस्ता त्याचा पत्त्यांमधला जोडीदार. ओरेस्तेने एका दमात सगळं सांगून टाकलं. निवेसला काही माहीत नाही, तेव्हा कुठे बोलू नकोस, असंही बजावलं.

बातिस्ताने हात पुसून फोटो घेतला आणि बराच वेळ पाहिला. छान आलाय, पण हा घरी ठेव, म्हणाला. मग त्याला मागच्या पडवीत नेऊन एका दगडावरचं गोणपाट बाजूला केलं. दगड दोघांचा होता. डावीकडच्या गोलात निवेस समोर बघून हसत होती. उजवीकडचा गोल रिकामा होता.

"मार्चमध्येच ती तिचा देऊन गेली," बातिस्ता म्हणाला. "तुझा तेवढा राहिला होता. म्हणाली, कॅमेरा घेऊन त्याला कुठंतरी लांब फिरवून आणते, म्हणजे त्याच्या नकळत होऊन जाईल."