ढब्बूची साखळी

परसात कोंबड्या पाळायची हौस सासूबाईंची, कुत्रा आणायची हौस नवऱ्याची आणि निस्तरायचं मी! ढब्बूने आल्या आल्या तुरेवाली कोंबडी फाडली, तेव्हापासून तो साखळीला होता आणि दिवसभर केकाटायचा.

मला बहिणीच्या ऑपरेशनला जायचं होतं. तेव्हा म्हटलं, याला आधी वळण लावू. त्याची दोरी माझ्या कमरेला बांधून मी परसातच सगळी कामं करू लागले. त्याने कोंबडीकडे पाहिलं की "अं हं!" आणि माझ्याकडे पाहिलं की बिस्किटाचा तुकडा. शेवटी कोंबड्या त्याच्या शेपटीजवळचे दाणे टिपू लागल्या, तरी हा आपला माझ्या तोंडाकडे बघत बसलेला. साखळी सुटली. घरभर माझं कौतुक झालं.

आज बॅग घेऊन फाटकापर्यंत पोचले, तोच मागे कलकलाट. पांढरी कोंबडी ढब्बूच्या तोंडात! मी धावत जाऊन "अं हं!" म्हटलं, तशी त्याने ती अलगद खाली ठेवली आणि शेपूट हलवत बिस्किटाची वाट बघू लागला.

"तू समोर असलीस की अगदी देवमाणूस आहे हो तो," सासूबाई म्हणाल्या.

"मग मी येईपर्यंत बांधून ठेवा त्याला. उद्या ऑपरेशन आहे बहिणीचं."

त्यांनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली.



"मुक्या जिवाला असं घरात बांधून ठेवायचं? काळीज आहे की नाही गं तुला?"