अकरा टायर

हेमांगी पहिल्यांदाच खाडीतली लाँच धक्क्याला लावणार म्हणून बाबांनी सकाळपासून जुने टायर जमवले. घरचे चार होते. शेजारच्या मचव्यावरच्या धर्माकाकांकडून सात मागून आणले. ते सगळे दोन्ही बाजूंना बांधल्यावर लाँच दिसेना, नुसते टायरच दिसू लागले.

“जमलं तर उद्यापासून माणसं तू ने,” म्हणत बाबा धक्क्यावर उभे राहिले.

ओहोटीची ओढ जोरात होती, वारा आडवा होता आणि मचव्याशेजारी जेमतेम लाँचपुरती जागा. हेमांगीने लाँच ओढीच्या उलट धरली, वेग कमी केला आणि वाऱ्यालाच ती हळूहळू आत ढकलू दिली. एकही टायर कुठे घासला नाही.

“वारा पडला म्हणून जमलं,” बाबा उडणारी टोपी डोक्यावर दाबत म्हणाले. “काढ ते टायर. चाळीस वर्षांत मला कधी लागले नाहीत. आता बघ.”

टायर निघाले. बाबा एक फेरी मारून ऐटीत आत शिरले आणि मचव्याला असे धडकले, की धर्माकाकांच्या बशीतला चहा त्यांच्या लुंगीवर सांडला.

दुसऱ्या दिवशी बाबा धक्क्यावर आले, तर हेमांगी लाँचला पुन्हा टायर बांधत होती.

“तुला कशाला गं टायर?”

“मला नकोत,” ती गाठ आवळत म्हणाली. “धर्माकाकांनी आणून दिलेत. ‘तुझा बाबा परत सुकाणूला बसला तर असू दे,’ म्हणाले.”